पदर, व्यासपीठ आणि पवित्र शास्त्र

१८८४ साली इंग्लंडातील चेल्टनहॅम गावी एक चमत्कारिक पेच उभा राहिला. तेथील मुलींच्या नामांकित कॉलेजात प्राचार्या डोरोथिया बील यांच्या छत्राखाली पंडिता रमाबाई शिकत होत्या. वय अवघे सव्वीस. आदल्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथील मठात त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला होता. हिंदुस्थानात येऊ पाहणाऱ्या तरुण इंग्रजांना रमाबाईंनी आपल्याकडच्या भाषा शिकवाव्यात, अशी एक कल्पना निघाली. बीलबाईंना ती पसंत होती. पण लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांचे मत मागवले गेले आणि दोघांनीही हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवणे बरे दिसणार नाही. हे हिंदुस्थानात कळले तर तिच्या देशभगिनींमध्ये तिचे वजन उरणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

आता ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांपुढे संस्कृतात भाषण करून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवल्या, पुण्यात आर्य महिला समाज काढला, १८८२ साली हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, तिला हिंदुस्थानी रीतिरिवाज दोन इंग्रज बिशप समजावून सांगत होते! रमाबाईंनी उत्तर पाठवले ते नम्र, पण चांगले झणझणीत. माझ्या आईने पुरुषांना शिकवले त्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, मी शिकवले त्याला माझ्या नवऱ्याने घेतली नाही, आणि इंग्रज लोक ती घेताहेत याचे मला आश्चर्य वाटते, असा त्या उत्तराचा आशय होता. हा सगळा पत्रव्यवहार पुढे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ग्रंथरूपाने छापला. जिज्ञासूंनी तो जरूर वाचावा. कादंबरीपेक्षा रंगतदार आहे.

ही जुनी गोष्ट आज काढण्याचे कारण ताजे आहे. ते दोन्ही बिशप ज्या चर्चचे होते त्या इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च गादीसाठी, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, सारा मुलाली यांची निवड ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाली. सुमारे चौदाशे वर्षांच्या परंपरेत ही पहिलीच स्त्री. पूर्वी त्या परिचारिका होत्या, इंग्लंडच्या सरकारी परिचर्या खात्याच्या प्रमुख होत्या. निवड जाहीर होताच आफ्रिकेतल्या पुराणमतवादी बिशपांनी उघड नाराजी व्यक्त केली. आपल्या देशातही हे वारे आलेले आहे. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली आंध्रातल्या नंद्यालच्या बिशपपदी पुष्पा ललिता यांना बसवले, आणि १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला २०२४ मध्ये ओडिशातल्या फुलबनी येथे व्हायोलेट नायक यांच्या रूपाने पहिली स्त्री-बिशप मिळाली. अमेरिकेत मात्र उलटी गंगा आहे. तिथल्या सदर्न बाप्टिस्ट या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने स्त्रियांना पाळकपद दिल्याबद्दल २०२३ मध्ये एका बलाढ्य मंडळीला बाहेर काढले. कोणत्याही प्रकारचे पाळकपद स्त्रीला देऊ नये असे घटनेतच लिहून टाकण्याचा ठराव २०२४ मध्ये बहुमत मिळूनही दोन तृतीयांश मतांअभावी थोडक्यात पडला.

कोणी म्हणेल, कँटरबरी कुठे आणि उल्हासनगर कुठे? मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण कॅम्प चारमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न परका वाटू नये. महायुद्धातल्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांसाठी वसलेले हे गाव. पुढे मराठी, मल्याळी, तमिळ, उत्तर भारतीय अशी माणसे येत गेली, शेजारच्या अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीने देशभरचे कामगार आणले, आणि प्रत्येकाबरोबर त्याचे देऊळ, गुरुद्वारा, मशीद, चर्चही आले. आज रविवारी सकाळी कल्याणपासून बदलापूरपर्यंत निघालात तर रोमन कॅथलिक मिस्सा, केरळच्या सिरो-मलबार पंथाची उपासना (त्या पंथाचे कल्याण धर्मप्रांत १९८८ सालचे), मराठी मंडळीची गायने आणि एखाद्या गाळ्यात भरलेली हिंदी प्रार्थनासभा, हे सारे एका लोकलच्या टप्प्यात सापडेल. या प्रार्थनासभांना कधी ना कधी शेजारधर्माने मी गेले आहे. पदर किंवा ओढणी डोक्यावर घेऊन बसलेल्या बायका पुरुषांपेक्षा जास्त असतात. गाणी त्यांच्या आवाजावर चालतात, 'साक्ष' त्याच देतात, आजाऱ्याच्या घरी उपासप्रार्थनेला त्याच जातात. पाळकीणबाई तर मंडळीतल्या प्रत्येक घरचे सुखदुःख जाणून असतात. पण वचन सांगायची वेळ आली की व्यासपीठावर पुरुष. बँकेच्या शाखेत असताना हीच गोष्ट मला दुसऱ्या बाजूने दिसे. धर्मसंस्थेचे खाते कोणाचेही असो, ठरावाच्या प्रतीवर सह्यांचा अधिकार तीन पुरुषांना. आणि महिला संघाने वर्षभर जमवलेली चिल्लर पिशव्यांतून घेऊन येणाऱ्या, ती मोजून देईपर्यंत काउंटरपुढे उभ्या राहणाऱ्या सगळ्या बायका.

हे असे का, असे विचारले तर उत्तर एकच येते, शास्त्रात लिहिले आहे. तर मग शास्त्रात काय लिहिले आहे ते पाहिले पाहिजे.

वादाची वचने तशी मोजकी आहेत. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पुरुष हा स्त्रीचे मस्तक आहे असे म्हटले आहे. चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे आहे. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पत्नीने पतीच्या अधीन असावे असे आहे. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, स्त्रीने शिकवू नये व पुरुषावर अधिकार चालवू नये, असे स्पष्ट आहे. ही चार वचने पाठ असलेली माणसे मला कितीतरी भेटली. त्यांच्या आगेमागे काय आहे, हे सांगणारी फार थोडी.

करिंथकरांस पत्रच घ्या. ज्या अकराव्या अध्यायात 'मस्तक' येते, त्याच अध्यायात स्त्रीने प्रार्थना करताना व संदेश देताना डोके झाकावे असे सांगितले आहे. म्हणजे सभेत बायका प्रार्थना करीत होत्या, संदेशही देत होत्या. प्रश्न फक्त पदराचा होता. मग तीनच अध्यायांनंतर त्यांनी गप्प राहावे हे कसे? काही जुन्या हस्तलिखितांत गप्प राहण्याची ती दोन वचने आपल्या जागी नसून अध्यायाच्या शेवटी येतात. त्यावरून ती कोणीतरी समासात लिहिलेली टीप असावी आणि नकलनविसाने ती मजकुरात ओढली असावी, असे काही अभ्यासक मानतात. इतरांना हे पटत नाही. त्यांच्या मते तिथे सभेत मध्येच प्रश्न विचारून गोंधळ करण्याला मनाई आहे, बोलण्याला नव्हे. काही म्हणा, बायकांनी तोंडच उघडू नये असा त्याचा सरळ अर्थ लावला तर पौल स्वतःचेच म्हणणे खोडतो.

इफिसकरांस पत्राची गोष्ट याहून उद्बोधक आहे. पत्नीने अधीन असावे हे बाविसावे वचन. पण सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत त्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते एकविसाव्या वचनातून घ्यावे लागते, आणि एकविसावे वचन सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहावे असे सांगते. वाक्य एक, पण छापताना मध्येच परिच्छेद तोडून 'पतिपत्नींची कर्तव्ये' अशा धर्तीचा मथळा घातला की परस्परांची गोष्ट एकट्या बायकोच्या गळ्यात पडते. शिवाय तोच उपदेश पुढे मुलांना आणि मग गुलामांना लागू होतो. गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे वचन एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले गुलामधारी मळेवाले मोठ्या भक्तिभावाने वाचून दाखवत. आज ते वचन कोणी सनातन नियम म्हणून वाचत नाही. तेव्हाच्या रोमन घराची रचनाच तशी होती, असे म्हणून आपण पुढे जातो. मग त्याच पानावरच्या बायकोपाशीच का थांबतो?

आणि विवाहात 'अधिकार' हा शब्द नव्या करारात थेट कुठे येतो? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात. तिथे पत्नीच्या देहावर तिचा नव्हे तर पतीचा अधिकार आहे असे म्हटले आहे; आणि लगेच, त्याच दमात, त्याच शब्दात, पतीच्या देहावर त्याचा नव्हे तर पत्नीचा अधिकार आहे. पहिल्या शतकातल्या माणसाने हे लिहावे, ही मला त्या सगळ्या पत्रांतली सर्वांत धाडसी ओळ वाटते. लग्नातल्या उपदेशात ती मी एकदाही ऐकलेली नाही.

तीमथ्याचे पत्र मात्र इतके सोपे नाही, आणि ते सोपे आहे असा आव आणणाऱ्या सुधारकांवर माझा विश्वास बसत नाही. 'अधिकार चालवणे' यासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे तो नव्या करारात दुसरीकडे कुठेही येत नाही. त्याचा अर्थ साधा अधिकार की दांडगाई, यावर विद्वानांचे ग्रंथच्या ग्रंथ आहेत. पण पत्रकर्ता कारण देतो ते स्थानिक नाही. आदाम आधी घडवला गेला, मग हव्वा, असे तो थेट उत्पत्तीपर्यंत जातो. परंपरावादी या मुद्द्यावर बोट ठेवतात आणि ते बोट चुकीच्या जागी नाही. उलट पक्षी, रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल ज्यांना सलाम पाठवतो त्या यादीत बायकाच बायका आहेत. फिबी आहे, प्रिस्किल्ला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लो नावाच्या विद्वान वक्त्याला बाजूला घेऊन अधिक अचूकपणे शिकवणाऱ्यांत हीच प्रिस्किल्ला होती, आणि तिथे तिचे नाव नवऱ्याच्या आधी आले आहे. युनिया आहे, जिला प्रेषितांमध्ये नामांकित म्हटले आहे. चौथ्या शतकातला ख्रिसोस्तोम तिला स्त्री समजूनच वाखाणतो, पण पुढे कित्येक शतके तिला पुरुष ठरवण्याचा उद्योग चालला, कारण प्रेषित बाई असेलच कशी! फिबीबाबत तर लबाडी डोळ्यांना दिसते. तिच्यासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द पुरुषांसाठी आला की १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरकारांनी त्याचे कुठे 'डीकन' केले, कुठे 'मिनिस्टर'. फिबीपाशी आले तेव्हा 'सर्व्हंट'.

भाषांतर करणारा कोण, हा प्रश्न इथे येतो, आणि रमाबाईंकडे परत जावे लागते.

रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची सतराअठरा वर्षे एका कामाला वाहिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी समग्र बायबल मराठीत उतरवले. मराठीत बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी नवा करार १८११ सालीच छापला होता. पण प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या, अल्पशिक्षित बाईला कळत नाही, असे रमाबाईंचे मत झाले. संस्कृताच्या पंडितेनेच संस्कृत बाजूला ठेवावे, यातली गंमत लक्षात घ्या. मजकूर रमाबाईंचा, खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्या मुली आणि बायका. दुष्काळातून वाचवलेल्या, टाकून दिलेल्या, बालविधवा. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर नुकतेच हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. सबंध बायबलचे भाषांतर एका स्त्रीने मूळ भाषांवरून करावे आणि ते छापावेही स्त्रियांनीच, असे उदाहरण जगाच्या पाठीवर विरळा. भाषेच्या दृष्टीने ते भाषांतर रुक्ष आहे, त्याचा फार प्रसारही झाला नाही, हे खरे. पण 'शास्त्र काय म्हणते ते आम्ही सांगतो, तू ऐक' या आज्ञेला दिलेले ते उत्तर होते. एकदा ती आज्ञा त्यांनी पुराणिकांकडून ऐकली होती, एकदा बिशपांकडून.

नेमक्या त्याच काळात कॅथरीन बुशनेल नावाची अमेरिकन डॉक्टर हेच काम दुसऱ्या टोकाने करीत होती. ही बाई १८९१-९२ साली हिंदुस्थानात आली होती ती गोऱ्या पलटणींसाठी छावण्यांत ठेवलेल्या बायकांची चौकशी करायला. त्या चौकशीने लंडनच्या पार्लमेंटपर्यंत खळबळ माजली. देवभीरू म्हणवणारी माणसे बायकांना असे वागवतात तरी कशाच्या आधारावर, या प्रश्नाने ती बायबलच्या मूळ भाषांकडे वळली आणि पुरुषांनी केलेल्या भाषांतरांत कुठे कुठे पारडे झुकवले आहे याची तिने पानोपान छाननी केली. तिचा मुख्य रोख उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातल्या सोळाव्या वचनावर होता. हव्वेची ओढ नवऱ्याकडे राहील आणि तो तिच्यावर सत्ता चालवील, हे जे तिथे आहे ती आज्ञा की पापानंतर काय होईल याचे वर्णन, असा हा वाद आहे. शंभर वर्षे झाली तरी तो मिटलेला नाही. इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन या भाषांतराच्या मंडळाने २०१६ मध्ये तेच वचन बदलून हव्वेची इच्छा नवऱ्याच्या 'विरुद्ध' असेल असे केले, त्यावर टीकेची झोड उठली, आणि २०२५ मध्ये ते पुन्हा पहिल्यासारखे केले. भारतातल्या कॅथलिक चर्चांत इंग्रजी मिस्सेची वाचने २०२० पासून याच भाषांतराच्या कॅथलिक आवृत्तीतून होतात, म्हणून ही अमेरिकन चर्चा आपल्या दारातली म्हणायची.

केडगावची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०५ साली मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेची एक प्रचंड लाट आली. मुली तासन्‌तास रडत, गात, मोठ्याने प्रार्थना करीत. त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगत हिंडू लागल्या. ज्याला पेंटेकॉस्टल चळवळ म्हणतात तिचा उगम लॉस एंजेलिसच्या अझुझा स्ट्रीटवर १९०६ साली झाला असे सांगतात. केडगाव त्याच्या एक वर्ष आधीचे. मुक्तीतल्या मिनी एब्रम्स यांनी या घटनेवर पुस्तिका लिहिली, ती दक्षिण अमेरिकेत चिलीमधल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूव्हर यांना पाठवली, आणि १९०९ मध्ये तिकडे जो भडका उडाला त्यातून चिलीचे मोठे पेंटेकॉस्टल चर्च उभे राहिले. म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या एका आडगावच्या विधवाश्रमातून, दोन मैत्रिणींच्या पत्रापत्रीतून, अर्ध्या जगापलीकडे धर्म पोचला. आज आमच्याकडच्या गाळ्यांतल्या ज्या प्रार्थनासभांत टाळ्या, साक्षी आणि आजारमुक्तीच्या प्रार्थना चालतात, त्या याच घराण्यातल्या. त्यांतल्या काहींच्या व्यासपीठावरून स्त्रीने वचन सांगू नये असे बजावले जाते तेव्हा मला केडगावच्या त्या पोरींची आठवण होते.

व्यासपीठाची बाब मानाची, विवाहाची जिवावरची. इथे शास्त्रार्थ हा पंडितांचा खेळ राहत नाही.

१९९४ च्या सुमाराची गोष्ट. माझ्या परिचयातली अंबरनाथची एक बाई. नवरा मारायचा, हातावरचे वळ आम्हा सर्वांना दिसत. ती मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेली तेव्हा त्यांनी इफिसकरांस पत्र काढून बाविसावे वचन वाचले आणि घरी पाठवली. पतीने स्वतःला अर्पण करण्याइतके पत्नीवर प्रेम करावे हे त्याच पानावरचे पंचविसावे वचन. तिथपर्यंत कोणी पोचले नाही. मग ती वकिलाकडे गेली. तिथे कळले की कायदाही वडीलधाऱ्यांच्याच बाजूला बसलेला आहे. ख्रिस्ती माणसांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे बायकोने व्यभिचार केला एवढ्यावर नवऱ्याला घटस्फोट मिळे. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याशिवाय क्रौर्य किंवा परित्याग असे दुहेरी काहीतरी सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर विभक्त राहण्याचा हुकूम मिळाला असता. लग्न सुटले नसते. त्याच कायद्यात बायकोच्या प्रियकराकडून नवऱ्याला नुकसानभरपाई मागण्याची सोय होती, जसे काही शेजाऱ्याची गाय शेतात शिरली!

लोकांना वाटे, हे बायबलमधून आले. मुळीच नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू पत्नीला टाकणाऱ्या पतीबद्दल जे म्हणतो तेच पतीला टाकणाऱ्या पत्नीबद्दल म्हणतो. कडक आहे, पण दोघांना सारखे. हा दुजाभाव इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यातून उचललेला होता. इंग्लंडने तो १९२३ मध्ये काढून टाकला. आपण साहेबाचे टाकलेले जोडे आणखी पाऊण शतक वापरले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दहाव्या कलमातली ही अट घटनेतल्या समानतेच्या हक्कांविरुद्ध ठरवली आणि ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रौर्य किंवा केवळ परित्याग या कारणावर घटस्फोट मिळण्याची वाट महाराष्ट्रात मोकळी केली. केरळ उच्च न्यायालयाने तसाच निकाल १९९५ मध्ये दिला होता. संसदेला जाग आली ती २००१ मध्ये. तेव्हा नवराबायकोला सारखी कारणे आणि परस्पर संमतीने घटस्फोट या गोष्टी कायद्यात आल्या. माझ्या परिचयातल्या त्या बाईने १९९७ च्या निकालानंतर अर्ज केला आणि ती सुटली. या दुरुस्तीसाठी ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मसुदे लिहिले, सह्या गोळा केल्या, दिल्लीचे उंबरे झिजवले, हे विसरता कामा नये. कॅथलिक बिशपांसह अनेक चर्चांनीही शेवटी त्यांना पाठिंबा दिला.

कॅथलिकांची भूमिका या बाबतीत गमतीदार आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ च्या पत्रात, पतिपत्नींमधली अधीनता एकतर्फी नसून परस्पर आहे, असे निःसंदिग्धपणे लिहिले. त्याच पोपनी १९९४ मध्ये, स्त्रियांना पुरोहितदीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, कारण येशूने बारा प्रेषित पुरुष निवडले, असे सांगून तो विषय बंद केला. म्हणजे घरात बरोबरी आणि वेदीवर मनाई. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदे कायद्याने स्त्रियांना खुली केली. २०१६ मध्ये मग्दालीया मरियेचा दिवस प्रेषितांच्या दिवसांच्या पंक्तीला नेऊन बसवला, कारण पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा तिनेच सांगितली. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या एका खात्याची प्रमुख म्हणून प्रथमच एका धर्मभगिनीला नेमले. स्त्री-डीकनचा प्रश्न मात्र ऑक्टोबर २०२४ च्या धर्मसभेने उघडा ठेवला. प्रॉटेस्टंटांत कधीकधी याच्या बरोबर उलट दिसते. स्त्रीला पाळकीय दीक्षा द्यायला संघटना तयार, पण लग्नाच्या उपदेशात अधीनतेचे पाढे तेच.

मराठी ख्रिस्ती घराचे जे चित्र आपण सर्वांनी वाचले आहे, ते लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये काढलेले. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे बाईंनी आपला धर्म आपल्या डोक्याने धरून ठेवला आणि सोडला तोही आपल्याच डोक्याने, सोवळ्याची एकेक घडी स्वतः मोडत. पती मस्तक असेल, पण या बाईचे मस्तक तिच्याच खांद्यावर होते. टिळक १९१९ मध्ये गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लिहून काढले तेही याच, धड शाळेत न गेलेल्या, बाईने.

रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांची नावे घेतली की मराठी ख्रिस्ती समाज अभिमानाने मान डोलावतो, आणि तो अभिमान रास्त आहे. पण त्यांच्या नातींचे आणि पणतींचे काय? पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र आहे. तिथे मुली ग्रीक शिकतात, हिब्रू शिकतात, फिबीच्या त्या शब्दावर निबंध लिहितात. पदवी हातात पडली की मुलाला मंडळी मिळते, पाळकवाडा मिळतो. मुलीपुढे रविवारची शाळा, वसतिगृहाची देखरेख, एखाद्या संस्थेतली नोकरी, नाहीतर पाळकाशी लग्न हे पर्याय येतात. अशा एका पदवीधर मुलीला मी विचारले, तुमच्या चर्चमध्ये तर दीक्षा मिळते ना? ती म्हणाली, मिळते हो. दीक्षा मिळाल्यावर बोलावणारी मंडळी मिळत नाही. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो तो बाळंतपणाच्या रजेचा, दुसरा रात्री-अपरात्री मयताला कोण जाईल हा. पौलाचे नाव, ती म्हणाली, तिसऱ्या प्रश्नापर्यंत कोणी काढतच नाही.